छोट्या धंद्याला लोगो लागतोच का? (घरच्या कांदा-लसूण मसाल्याच्या निमित्ताने)

रानजाई

नमस्कार मंडळी. इथे पहिल्यांदाच काही विचारते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मी कराडजवळच्या गावात राहते. सहा वर्षांपासून कांदा-लसूण मसाला करून विकते. फेब्रुवारी संपत आला की मिरची घ्यायची, देठं खुडायची, अंगणात कडक वाळवायची, खडा मसाला तेलात तळायचा, डंकावर कुटून आणायचं, मग कांदा-लसणाचं वाटण घालून परत एकदा कुटायचं. पहिल्या वर्षी १५ किलो झाला होता, यंदा ३०० किलोच्या पुढे गेला. प्रमाण सासूबाईंचं आहे, त्यात मी काडीचा बदल केलेला नाही. गिऱ्हाईक सगळं ओळखीतलं, नाहीतर ओळखीच्यांच्या ओळखीतलं. मुंबई-पुण्याला एसटीने पार्सल जातं. बरणीवर कागदाची चिठ्ठी चिकटवते आणि पेनाने लिहिते, 'कांदा-लसूण मसाला, तिखट' किंवा 'मध्यम'. बस.

आता पुण्यातल्या एका दुकानाने दर महिन्याला ५० बरण्या मागितल्या आहेत. त्यांनी फोनवर पहिलाच प्रश्न केला, "नाव काय तुमच्या ब्रँडचं?" मला उत्तर देता आलं नाही.

भाचा म्हणतो, मामी आता ब्रँडिंग केल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. त्याच्या ओळखीतल्या एजन्सीने २८,००० सांगितले. त्यात लोगो, व्हिजिटिंग कार्ड, लेटरहेड, 'ब्रँड बुक' आणि महिनाभराच्या पोस्टी. माझ्याकडे एवढी रक्कम आहे, पण ती मी मिरची भाजायचं यंत्र घ्यायला बाजूला ठेवली होती. दर वर्षी कढईसमोर बसून मनगट धरतं.

लोगो खरंच लागतो का? लागत असेल तर आत्ताच लागतो का? कृपया अनुभवातून सांगा.

---

दुहेरी_टाका

ताई, स्पष्ट लिहितो. अजिबात लागत नाही.

मिरजेत वडिलांचं शिलाईचं दुकान आहे, आता मी बघतो. ४० वर्षं झाली. पाटीवर आडनाव आणि 'टेलर्स', ते पण पेंटरने ब्रशने लिहिलेलं. लग्नसराईत रात्री दोनपर्यंत मशीन चालतं. शर्टाची कॉलर झिजली की उलटवून देणारा माणूस गावात एकच आहे हे लोकांना ठाऊक आहे, म्हणून लोक येतात. शेजारच्या गाळ्यात एकाने रेडिमेड कपड्यांचं दुकान काढलं. काचेवर मोठा लोगो, पिशव्यांवर लोगो, मुलांच्या टीशर्टवर लोगो. दीड वर्षात शटर पडलं. मला त्याचं वाईट वाटतं, कारण मुलगा कष्टाळू होता. पण भांडवल दिखाव्यात गेलं आणि मालाला पैसे उरले नाहीत.

यंत्र घ्या. मनगट गेलं तर मसाला कोण करणार?

---

शाई_आणि_कागद

छपाईच्या धंद्यात २२ वर्षं आहे, सांगली. त्यामुळे मी लोगो कराच म्हणेन असं वाटेल. पण आधी मला सांगा, तुमची बरणी कसली आहे? प्लॅस्टिकची की काचेची? झाकणाचा रंग कोणता? आणि मसाला तेल सोडतो का?

हे विचारतो, कारण कांदा-लसूण मसाल्याचं लेबल आमच्याकडे सर्वांत जास्त परत येतं. खोबरं आणि तळलेला मसाला, त्यामुळे तेल सुटणारच. साध्या कागदाच्या स्टिकरला तेलाचा एक हात लागला की पिवळट डाग पसरतो आणि आठ दिवसांत माल जुना दिसायला लागतो. मग लोगो ५०० रुपयांचा असो की ५०,००० चा, दुकानदार ती बरणी मागच्या रांगेत ढकलतो. तुम्हाला प्लॅस्टिक फिल्मचा स्टिकर किंवा वरून लॅमिनेशन लागेल. याला माझ्या मते पहिला खर्च म्हणावा.

दुसरी गोष्ट. छापील पाउचच्या मागे लागू नका. त्या छपाईत प्रत्येक रंगाचा वेगळा सिलेंडर बनवावा लागतो, त्याचे पैसे आधी मोजायचे, वर किमान माल इतका घ्यावा लागतो की तुमच्यासारखीच्या घरात दोन-तीन वर्षं पाउचचे गठ्ठे पडून राहतील. मध्येच पत्ता बदलला, किंमत बदलली, की सगळं रद्दीत. माझ्या एका गिऱ्हाइकाने हौसेने चार रंगांत पाउच छापून घेतले आणि फोन नंबरात एक आकडा चुकला होता. ते पाउच आजही त्यांच्या माळ्यावर आहेत. साधी बरणी आणि स्टिकर, एवढ्यावर सुरुवात करा. २०० स्टिकर संपले की चुका सुधारून पुढचे २०० काढता येतात.

ब्राउन पेपरचं लेबल सध्या पुष्कळ जण मागतात, गावरान दिसतं म्हणून. त्यावर लाल रंग मातकट उठतो. तुमच्या मालाचा लालभडकपणा हीच तुमची जाहिरात आहे, तर तो बरणीतून दिसू द्या. लेबल लहान ठेवा.

---

रानजाई

@शाई_आणि_कागद दादा, प्लॅस्टिकची पारदर्शक बरणी, झाकण लाल. तेल थोडं सुटतं. डागांचं अगदी खरं आहे, माझ्या चिठ्ठ्यांचं तेच होतं. मला वाटायचं माझीच भरताना चूक होते.

@दुहेरी_टाका, तुमचं मनापासून पटतं. पण पुण्याच्या दुकानात माझ्या मसाल्याबद्दल सांगायला मी नसणार, एवढीच एक शंका.

---

गल्ला

शेवटच्या वाक्यात तुम्ही मुद्द्यावर बोट ठेवलंत. मी डोंबिवलीत दुकान चालवतो, घरगुती पदार्थांचं. भाजणी, मेतकूट, सांडगे, लोणची, मसाले. साधारण ४० घरांतून माल येतो. आमच्या फळीसमोर रोज काय घडतं ते सांगतो.

गेल्या वर्षी एक आजी आल्या. म्हणाल्या, "तो मसाला द्या, मागच्या वेळी नेलेला." कोणता? "तिखट होता, छान होता, लाल झाकण होतं." फळीवर लाल झाकणाचे पाच मसाले होते. मी पाचही काढून समोर ठेवले. त्यांनी एकेक उचलून पाहिला, झाकणाचा वास घेतला, शेवटी अंदाजाने एक नेला. आठ दिवसांनी परत आल्या, "हा नव्हता हो." ज्या बाईंचा मसाला त्यांना आवडला होता त्यांच्या बरणीवर फक्त 'मसाला' लिहिलेली पट्टी असायची. नाव नाही, गाव नाही, खूण नाही. तो माल मी ओळखतो, कारण भरून घेतो मी. पण मी दुकानात नसलो आणि मुलगा बसला तर त्यालाही ओळखता येत नाही. त्या बाईंचा हात फार चांगला आहे. त्यांचं गिऱ्हाईक तयार झालं आणि हरवलं, आणि त्यांना याचा पत्ताही नाही. मला याची हळहळ वाटते.

दुहेरी_टाका यांच्या दुकानात माणूस आणि काम एकाच जागी असतं. गिऱ्हाईक वडिलांचा चेहरा बघून आत येतं. तिथे लोगोची गरज नाही हे मलाही मान्य. मसाला मात्र घर सोडून जातो. जिथे आपण उभे नसतो तिथे आपल्या वतीने काहीतरी उभं राहावं लागतं. आता ते चित्रच असावं असं नाही. एक नाव, एक ठरलेला रंग आणि लेबलची ठरलेली जागा, एवढं पक्कं असलं तरी आजी परत येऊन बरोबर तीच बरणी उचलतात.

माझी एक पद्धत आहे, कोणी नवीन माल आणला की बरणी फळीवर ठेवतो आणि गल्ल्यामागे जाऊन बघतो. साधारण सहा फूट. तिथून नाव वाचता आलं पाहिजे. दहातल्या सात लेबलांवर नाव वाचता येत नाही, पण वेलबुट्टी मात्र दिसते.

---

हापूस_आणि_रातांबा

आमच्याकडे याला 'मार्का' म्हणतात. आजोबांच्या वेळी लाकडी पेटी मुंबईच्या मार्केटला जायची तेव्हा पेटीच्या फळीवर पत्र्याच्या स्टेन्सिलने मार्का मारायचे. दोन अक्षरं आणि एक खूण. दलाल पेटी न उघडता मार्का बघून भाव बोलायचा, कारण त्या बागेचा आंबा खालच्या थरातही वरच्यासारखाच असतो हे त्याला दहा हंगामांत कळलेलं असायचं. मार्का आमचा होता, पण त्याची किंमत खालच्या थराने ठरवली. वर मोठी फळं आणि खाली बारकी घालणाऱ्याचाही मार्का लक्षात राहायचा, वेगळ्या कारणासाठी.

आणि खूण नसली की काय होतं तेही कोकणाला विचारा. परराज्यातला आंबा देवगडच्या नावावर खपतो, ही आमची वर्षानुवर्षांची जखम आहे. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाजारात खोटी पेटी थांबली नाही. शेवटी २०२५ च्या हंगामात देवगडच्या उत्पादकांच्या सहकारी संस्थेने फळागणिक वेगळ्या क्रमांकाचे स्टिकर आणले, काढलं की फाटणारे. एवढ्या नामांकित फळालाही शेवटी अंगावर खूण वागवावी लागली.

रानजाई ताई, कराडच्या मसाल्याला बाहेर मान आहे. म्हणूनच उद्या कोणीही 'कराडचा घरगुती मसाला' म्हणून विकेल. तुमचं काय वेगळं ते बरणीवर दिसायला हवं.

---

दुहेरी_टाका

@गल्ला, आजींचा किस्सा वाचून विचार केला. आमच्याकडेही वडील शर्टाच्या आत, कॉलरखाली एक छोटी कापडी पट्टी शिवतात, आडनाव आणि मिरज. मी तिला कधी लोगो समजलो नाही. पण पुण्याला नोकरीला गेलेली मुलं त्या पट्टीवरचं नाव दाखवून मित्रांना आमच्याकडे पाठवतात, हे खरं आहे. माघार घेतो. पण २८,००० ला माझा विरोध कायम.

---

कलम_चौतीस

ट्रेडमार्कचं काम करते. लोगोआधी नावाचं बघा. पुष्कळ लोक उलटं करतात. लोगोवर पैसे घालतात, डबे छापतात आणि मग कळतं की त्याच नावाने कोणीतरी आधीच नोंदणी केली आहे.

नाव ठरवताना वर्णनात्मक शब्द टाळा. 'घरगुती', 'अस्सल', 'गावरान', 'कराड', 'झणझणीत' हे शब्द मालाचं वर्णन करतात, त्यांच्यावर एकट्याचा हक्क सहसा मिळत नाही. देवी-देवतांची नावं श्रद्धेने घेतली जातात, हे मी समजते. पण त्याच देवीच्या नावाने मसाल्याचे आधीच ढीगभर अर्ज असतात आणि तुमची ओळख त्या गर्दीत बुडते. आडनाव, घराण्यातला एखादा शब्द, शेताचं नाव, विहिरीचं नाव, असं काही शोधा. नाव सुचलं की ट्रेडमार्क कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोध घ्या, तो विनामूल्य आहे. नोंदणीत मालाच्या प्रकारांचे क्रमांकांनी वर्ग पाडलेले असतात. मसाले ३० व्या वर्गात येतात, लोणची बहुतेक २९ व्या. पुढेमागे लोणचं करणार असाल तर दोन्ही वर्ग तपासा.

ऑनलाइन अर्जाची सरकारी फी व्यक्तीला एका वर्गासाठी ४,५०० रुपये, मोठ्या कंपनीला ९,०००. ट्रेडमार्क कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध झाल्यावर चार महिने हरकतीची मुदत असते. नोंदणी झाली की दहा वर्षं, पुढे नूतनीकरण. अर्ज केला की नावाजवळ 'टीएम' लिहायला हरकत नाही. वर्तुळातला 'आर' मात्र नोंदणी हातात पडल्याशिवाय लावायचा नाही. पुष्कळ जण तो शोभेसाठी लावतात, ते बेकायदा आहे.

आधी शक्यतो नुसत्या अक्षरांच्या नावाची नोंदणी करा. चित्र दहा वर्षांत बदलेल, नाव राहील.

आणि जुने कागद फेकू नका. एसटी पार्सलच्या पावत्या, मिरचीची बिलं, ऑर्डरचे मेसेज, बरणीचे जुने फोटो. ठरवलेलं नाव वापरायला लागलात की त्या तारखेपासूनचा एकेक कागद जपा. आपल्या कायद्यात आधीपासून सलग वापर करणाऱ्याला संरक्षण आहे, पण तो वापर कागदाने दाखवावा लागतो.

लोगो कोणाकडूनही काढून घेतलात तर हक्क तुमच्या नावे केल्याचं लेखी घ्या, सही आणि तारखेसकट. कॉपीराइट कायद्याने चित्राचा पहिला मालक साधारणपणे ते काढणारा कलाकार असतो. पैसे दिले म्हणजे हक्क आला असं होत नाही. त्या लेखीत मुदत लिहिली नसेल तर हस्तांतरण पाच वर्षांचंच धरलं जातं. म्हणून 'कायमस्वरूपी' हा शब्द त्यात असू द्या.

---

रानजाई

ताई, एवढं कोणी मला कधी सांगितलं नव्हतं. मी 'श्री महालक्ष्मी घरगुती मसाले' असं मनाशी धरलं होतं. आता परत विचार करते.

---

नाचणी_सत्त्व

मी लोगोच्या बाजूची आहे, पण एक इशारा देते.

नाशिककडे नाचणीचे पदार्थ करते. आठ वर्षं पिवळं लेबल होतं, हळदीसारखं पिवळं, मीच घरी काढलेलं, वर एक वाकडं कणीस. तीन वर्षांपूर्वी एका सल्लागाराने सांगितलं, हे बाळबोध दिसतं, प्रीमियम करा. आम्ही काळं-सोनेरी केलं. दिसायला खरोखर देखणं होतं. पहिल्याच महिन्यात फोन सुरू झाले, "तुमचं बंद झालं का?" एका दुकानात माझं पाकीट समोर असताना गिऱ्हाईक 'ते पिवळं' मागत होतं. एका बाईंनी तर विचारलं, कंपनी विकली का कोणाला? चार महिने विक्री निम्म्यावर आली. मी रात्र रात्र हिशेब मांडत बसायचे. शेवटी पिवळा पट्टा आणि कणीस परत आणलं, फक्त अक्षरं नीट करून घेतली. सावरायला वर्ष गेलं.

तुमची ओळख तुम्हाला ठाऊक नसताना तयार झालेली असते. रानजाई ताई, तुमच्या जुन्या गिऱ्हाइकांना विचारा, ते तुमचा मसाला काय म्हणून मागतात?

---

रानजाई

विचारलं. आज अकरा जणींना फोन केला. नऊ जणी म्हणाल्या 'काकींचा मसाला' किंवा 'लाल झाकणाचा'. दोघींनी वेगळंच सांगितलं. आमच्या घराला गावात एक जुनं नाव आहे, दारातल्या झाडावरून पडलेलं. त्या म्हणाल्या, "आम्ही तर त्या घरचा मसाला म्हणतो." सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते झाड त्यांच्या सासऱ्यांनी लावलेलं.

---

शिरोरेषा

मुंबईत डिझाइनर आहे, देवनागरी अक्षरांचं काम जास्त करते. २८,००० चं कोटेशन फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. चांगल्या माणसाचे महिनाभराचे श्रम त्यात असू शकतात. पण तुम्हाला लेटरहेडची गरज नाही, ब्रँड बुकचीही नाही, पोस्टींचीही नाही. तुम्हाला हवं आहे देवनागरीत नीट काढलेलं नाव, एका बरणीचं लेबल आणि त्याच्या फाइली. एवढंच मागा आणि एवढ्याचाच भाव विचारा. निम्म्याहून कमी येईल.

फुकट संकेतस्थळावरून किंवा एआयकडून तयार लोगो घ्यायचा मोह होईल. मसाल्यांसाठी तिथे मिरची, पळी, नथ घातलेली बाई आणि खलबत्ता यांखेरीज फारसं काही निघत नाही. तोच खलबत्ता शेजारच्या तालुक्यात दुसऱ्या कोणाच्या बरणीवर असेल. शिवाय एआय देवनागरी कधीकधी बिघडवतो. 'स्स'ची जोडणी तुटते, रफार भलत्या अक्षरावर जातो. घाईत कोणाच्या लक्षात येत नाही आणि २०० बरण्यांवर चुकीचं नाव चिकटतं.

अक्षरं आधी देवनागरीत काढून घ्या, रोमन मागून. २०२२ च्या दुरुस्तीने महाराष्ट्रात दुकानाची पाटी मराठीत, आणि मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नसावीत, असं बंधन आलं. २०२३ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्या दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली, तेव्हा माझ्याकडे रांग लागली होती. सगळ्यांचे लोगो इंग्रजीतून जन्मलेले, आता त्याच साच्यात मराठी बसवा म्हणत. वेलांट्या छाटल्या, मात्रा दाबल्या, आणि जागेसाठी शिरोरेषा तोडली. आजही लोकलमधून त्या पाट्या दिसल्या की मन खट्टू होतं. आपली लिपी देखणी आहे, तिला पहिल्यापासून जागा दिली की ती स्वतःच लोगो होते. वेगळं चित्र लागतच नाही.

काम हातात आलं की त्याची साध्या झेरॉक्स मशीनवर काळी-पांढरी प्रत काढा, अंगठ्याच्या नखाएवढी करून. तरीही नाव वाचता आलं तर ते बरणीच्या झाकणावर चालेल, बिलावर चालेल, व्हॉट्सअ‍ॅपच्या गोलात चालेल.

---

शाई_आणि_कागद

शिरोरेषा ताईंना जोडून, फाइलींबद्दल. आमच्याकडे दहातले आठ जण व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला जेपीजी घेऊन येतात. तो मोठा केला की कडा फुटतात. डिझाइनरकडून कोरलची (डिझाइनच्या सॉफ्टवेअरची) किंवा पीडीएफची मूळ फाइल मागून घ्या, ज्यात अक्षरांचे कर्व्ह केलेले असतील, म्हणजे अक्षरं फॉन्टवर न अवलंबता आकार म्हणून पक्की झालेली असतील. नाहीतर आमच्या संगणकावर तो फॉन्ट नसला की जोडाक्षरं उघडी पडतात आणि मसाल्याचा भलताच शब्द होतो. आणि रंगाचे छपाईचे आकडे लिहून घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या प्रेसमध्ये गेलात तरी लाल तोच येईल.

---

पापडखार

एक जुनी गोष्ट आठवली म्हणून लिहिते. लिज्जतची सुरुवात १५ मार्च १९५९ ला गिरगावात झाली, सात बायका आणि ८० रुपये उसने. पहिल्या दिवशी चार पाकिटं. 'लिज्जत' हे नाव १९६२ मध्ये आलं, तेही आपापसात स्पर्धा लावून, पाच रुपयांचं बक्षीस ठेवून. म्हणजे आधी तीन वर्षं त्या नावाशिवाय पापड विकला गेला. ताई, तुम्ही सहा वर्षं बिननावाने चालवलंत यात मागे राहिल्यासारखं काही नाही. आणि सुचवलेल्या नावांत घरातल्या सगळ्यांना मत द्या.

---

गल्ला

नावाच्या आणि रंगाच्या गडबडीत लेबलवरचा सक्तीचा मजकूर राहून जाऊ देऊ नका. त्याशिवाय मी माल घेत नाही, पुण्याचं दुकानही घेणार नाही. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी नंबर, घटक पदार्थ जास्त प्रमाणापासून कमीकडे, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत वापरायचा ते, बॅच नंबर, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन, आणि हिरव्या चौकोनातला हिरवा ठिपका. हा मजकूर नुसता मराठीत असून चालत नाही, इंग्रजीत किंवा हिंदीत लागतो. सोबत मराठी अवश्य घाला.

डिझाइनरला हा सगळा मजकूर पहिल्या दिवशीच द्या. नाव मोठं आणि सुंदर काढून झाल्यावर हे दहा तपशील मागाहून कोंबले की लेबलची रया जाते.

उद्यम नोंदणीही (छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी) करून टाका, सरकारी संकेतस्थळावर ती पूर्ण मोफत आहे. त्यासाठी कोणी पैसे मागत असेल तर देऊ नका.

---

अवजार_पेटी

यंत्राचा विषय मागे पडला म्हणून सांगतो. पंतप्रधान सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत (पीएमएफएमई) यंत्रसामग्रीच्या प्रकल्पाला कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के अनुदान आहे, कमाल १० लाखांपर्यंत. ब्रँडिंगसाठीची मदत त्यात बचत गट, शेतकरी कंपन्या यांच्यासारख्या गटांनाच आहे, एकट्याला नाही. योजनेची मुदत अजून आहे का, याची जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात चौकशी करा. भाजायचं यंत्र सोडू नका, एवढंच सांगणं.

---

रानजाई

मंडळी, सव्वा महिन्याने लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

नाव ठरलं. घराचं जुनं नावच घेतलं. कलम_चौतीस ताईंनी सांगितल्याप्रमाणे शोध घेतला, ३० आणि २९ दोन्ही वर्गांत तसं काही आढळलं नाही. आत्ता फक्त ३० मध्ये अर्ज भरला आहे, ४,५०० रुपये. पावती हातात येईपर्यंत नाव इथे लिहू नका असं त्यांनी निरोपात सांगितलं, म्हणून दोन दिवस थांबते.

एजन्सीला नम्रपणे नाही म्हटलं. भाचा आधी नाराज झाला, मग त्यानेच सातारच्या एका मुलीची गाठ घालून दिली. ती अक्षरांचं काम करते. तिने घरी येऊन अर्धा दिवस सासूबाईंशी गप्पा मारल्या. सासूबाई जुन्या वहीत मसाल्याचं प्रमाण लिहून ठेवायच्या, त्यांच्या अक्षरात 'ल'ला लांब शेपूट आहे. तिने ते उचललं. नुसतं नाव, लाल रंगात, खाली बारीक 'कांदा-लसूण मसाला'. चित्र नाही. तिला ७,००० दिले आणि हक्क कायमस्वरूपी माझ्या नावे असल्याचं सही करून घेतलं. तिनेही आनंदाने दिलं. झेरॉक्स काढून पाहिली, नखाएवढं नाव वाचता आलं. सहा फुटांवरून सासूबाईंना चष्म्याशिवाय वाचता आलं नाही, मग अक्षरं आणखी थोडी जाड केली.

लाल झाकण तसंच ठेवलं आहे. यंत्राची अर्धी रक्कम शिल्लक आहे, कृषी कार्यालयात अर्जाची चौकशी करून आले.

पहिले २०० स्टिकर काल आले. रात्री मी आणि जाऊबाई लावायला बसलो. पहिल्या पाचांत दोन तिरके गेले. मग बरणीच्या तळापासून दोन बोटं मोजून लावायचं ठरवलं, तेव्हा सरळ यायला लागले. जुन्या गिऱ्हाइकांच्या बरणीबरोबर एक चिठ्ठी घालते आहे, पेनाने लिहिलेली, 'मसाला तोच आहे, आता नाव लावलं आहे.' पुण्याच्या ५० बरण्या शुक्रवारच्या एसटीने निघतील.

---

शाई_आणि_कागद

फार बरं वाटलं ताई. स्टिकर लावायच्या आधी बरणी कोरड्या सुती फडक्याने बाहेरून पुसून घ्या आणि भरणाऱ्या हातांनी लेबल लावू नका, एकीने भरायचं आणि दुसरीने चिकटवायचं. तेलाचा हात लागला की प्रवासात कोपरे सुटतात.

---

रानजाई

हो दादा. आज तसंच करतोय. जाऊबाई भरतायत, मी चिकटवतेय.